डाव्या बाजूचा विंच

थांब. थांब जरा. तो बोळा खाली ठेव आधी.

आणि रॉकेलचा डबा झाक. ओरडत नाहीये मी, पण त्या विंचमधलं ग्रीस आत्ता पुसू नकोस. इतकी वर्षं तिथं सुकून बसलंय, अजून तासभर बसलं तर काही आभाळ कोसळणार नाही. दिवे गेलेत. मेणबत्तीवर तुम्ही तिघं असा काय उजेड पाडणार आहात?

होडी घेतलीत, चांगलं केलंत. तुझ्या आईला न विचारता घेतलीत, ते तुझं तू निस्तर, मामाला मध्ये घालू नकोस. पण जुनी शिडाची होडी घेतली की तिचं सगळं सामानही पदरात पडतं. त्याला आधी कुणाकुणाचे हात लागलेत ते कुणी सांगत नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो. म्हणजे घडलेली. माझ्या साडूंच्या समोर घडलेली. तुझ्या मामीच्या मोठ्या बहिणीचे यजमान रे, ते लेथवाले.

हसू नकोस. साडू थापा मारतात, मान्य. पण त्यांच्या थापा फुशारकीच्या असतात. ह्या गोष्टीत त्यांची फजिती आहे, आणि स्वतःच्या फजितीची थाप मारणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही.

चार वर्षं झाली. मार्चचा पहिला आठवडा होता. साडूंच्या वर्कशॉपात एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायच्या, म्हणून सगळे त्यांना एक्स-रेवाल्या बाईच म्हणायचे. कापडी पिशवीतून कलिंगड आणावं तसा त्यांनी एक विंच आणला आणि टेबलावर ठेवला.

"भाऊ, हा चालू करून द्या," त्या म्हणाल्या. "होडीवर असे दोन होते. उजव्या बाजूचा चोरीला गेला, त्या जागी दुसरा बसवलाय. हा डाव्या बाजूचा. ह्याचा भाग कुठं मिळत नाही."

"मिळत नाही म्हणजे?" साडू म्हणाले. "तुम्ही योग्य माणसाकडे आलात. मी बनवतो." ही त्यांची सवयच. डॉक्टरने हृदय बदलायचं म्हटलं तरी साडू म्हणतील, आणा इकडं, लेथवर लावू.

आता विंच कसा चालतो ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. तुमच्या समोर उघडाच पडलाय म्हणा. हा ड्रम. ह्याच्याभोवती दोराचे तीन वेढे घ्यायचे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, सगळ्या होड्यांवर तसेच घेतात. मग दांडा लावून फिरवायचा. टक टक टक करत दोर आत येतो. बाहेरून कितीही ओढ बसली तरी ड्रम उलटा फिरत नाही, आलेला दोर परत जात नाही. का? तर आत हे दोन लहान तुकडे असतात, मागं एकेक स्प्रिंग लावलेले. ते दात्यांत अडकतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात ना, तेच. सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात, साडूही कुत्रेच म्हणतात. बाईंच्या विंचमधला एक कुत्रा तुटून त्याचा भुगा झाला होता, दुसरा शाबूत होता. आणि ह्या तुकड्यांची एक खोड आहे. ते सुलटेही बसतात आणि उलटेही बसतात. आवाज दोन्हीकडून सारखाच येतो.

साडूंनी विंच बाईंच्या देखतच उघडला. आधी मोबाइलवर फोटो काढला. त्यांचा नियम आहे तसा: जसं उघडलं तसं लावायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. कुलूप असो, पंप असो, शिलाई मशीन असो. फोटो काढायचा आणि त्याबरहुकूम परत जुळवायचं. नियम चांगला आहे. मीसुद्धा तो पाळतो.

आत सगळं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. आणि त्या ग्रीसमध्ये, ड्रमच्या खाली, एक अंगठा उमटलेला होता. स्पष्ट. रेघ न् रेघ दिसत होती, आणि मधून आडवी एक चीर. साडूंनी पाहिला, "वा, ठसा उमटलाय बघा" म्हणाले, आणि रॉकेलच्या बोळ्यानं एका फटक्यात पुसून टाकला.

बाईंनी हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांचा होता. मिस्टरांचा. काचेनं कापला होता अंगठा, लग्नाच्या आधी. ती खूण गेली नव्हती."

साडू बोळा हातात धरून उभे. आणि पुसलेलं परत कसं आणणार? ती गोष्ट हातातून गेली ती गेलीच.

मग बाईंनी स्वतःच सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघं नवराबायको होडी घेऊन गेले होते, मुलगी तान्ही, ती आजीजवळ ठेवलेली. नवऱ्यानं त्याच दुपारी दोन्ही विंच उघडून साफ केले होते, हौसच होती त्याला. रात्री परत येताना वारा फिरला, शिडाचा खालचा वासा गर्रकन इकडून तिकडे आला आणि तो पाण्यात पडला. पोहता येत होतं. बाईंनी फास टाकून दोर फेकला, त्यानं तो कमरेत अडकवला, ओरडून सांगितलं, ओढ! बाईंनी डाव्या विंचवर तीन वेढे घेतले, अगदी त्यानं शिकवलं होतं तसे.

"आणि मग माझ्याच्यानं झालं नाही," बाई म्हणाल्या. दोन्ही तळहात उघडून दाखवले. आडवे, जुने, पांढरे वळ. "दोर निसटला. मी सोडला."

बस, एवढंच. एक्स-रे वाचून दाखवावा तसं सांगितलं.

आता होडी कशाला काढताय, असं साडूंनी विचारलं. तर ती तान्ही मुलगी आता वीस-एकवीस वर्षांची झाली होती. पोहायला शिकली, शीड लावायला शिकली, दुसऱ्यांच्या होड्यांवरून फिरून आली. आणि तिनं हट्ट धरला होता, बाबांची होडी पाण्यात घालायची आणि एकदा एकटीनं न्यायची. शनिवारी सकाळी. बाई म्हणाल्या, "नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या होडीतून जाईलच ती. त्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर नीट केलेल्या होडीतून जाऊ दे. भाऊ, मला बाकी काही नको. हा विंच धरला पाहिजे."

साडूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "धरणार. माझी जबाबदारी."

मग त्यांची शोधाशोध सुरू झाली. विंच बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. होड्यांच्या सामानाच्या दुकानदारानं सल्ला दिला, जुना टाका, नवा घ्या. पण नव्याच्या बैठकीची भोकं जुन्या लाकडाशी जुळत नव्हती, आणि बाईंना तोच हवा होता. स्कूटरवरून साडू भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घालत फिरले. शेवटी एका झेरॉक्सच्या दुकानात हुबेहूब तसाच विंच सापडला. दाराला टेकण म्हणून ठेवलेला! दुकानदार म्हणाला, देणार नाही, दार आपटतं. साडूंनी त्याला वीट आणून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून, शोभेल अशी. विंच वर्कशॉपात आणला, मोठ्या अपेक्षेनं उघडला, तर आत दोन्ही कुत्रे गायब आणि झुरळांचं अख्खं खटलं राहत होतं. मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, तीच लावा, चावतील तरी.

मग साडूंनी हातानं बनवला. जुन्या नळाची जाड पितळी दांडी कापली आणि दोन रात्री कानस घेऊन बसले, शाबूत कुत्रा समोर ठेवून. स्प्रिंगा कुलपातल्या घेतल्या. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर आईलासुद्धा जुळी पोरं ओळखू येऊ नयेत असं काम! मग फोटो समोर ठेवून, त्यातला शाबूत कुत्रा जसा होता तसेच दोन्ही बसवले. नवीन ग्रीस भरलं, पांढरं. झाकण लावलं. आणि झाकणाच्या चारही स्क्रूंवर मेहुणीचं लाल नेलपॉलिश ओढलं. हीसुद्धा त्यांची पद्धत. मधे कुणी उघडलं तर रेघ मोडते, मग गिऱ्हाईक येऊन तक्रार करायला लागलं की साडू नुसतं बोट दाखवतात.

ड्रम हातानं फिरवून पाहिला. टक टक टक. एका बाजूला फिरतोय, दुसऱ्या बाजूला घट्ट. झकास.

गुरुवारी रात्री साडू झोपले होते. वर्कशॉप घराला लागूनच, मधे फक्त एक दार. रात्री त्यांना आवाज आला.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग... टक. टक.

त्यांनी मेहुणीला हलवलं. ती कुशीवर वळून म्हणाली, उंदीर असेल, झोपा. उंदीर टकटक करत नाहीत, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर आवाज थांबला. उठून दिवा लावला. विंच शिकंज्यात घट्ट आवळलेला, तसाच. ड्रमवर हात ठेवला तर गार. नवीन स्प्रिंगा आहेत, बसत असतील जागेवर, असं त्यांनी मनाला समजावलं. पण दार लावून घेतलं, आणि कडीसुद्धा घातली. ह्याचं कारण त्यांना आजही सांगता येत नाही.

मग शुक्रवार, सात मार्च. भरती रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. होडी धक्क्याला बांधलेली. साडूंनी संध्याकाळीच विंच डाव्या बाजूला बसवून टाकला होता, पण बाई म्हणाल्या, माझ्यासमोर ओढून दाखवा, मग मी मुलीला हो म्हणते. मुलगी सकाळी सातला निघणार. बाईंची ड्युटी दहाला सुटली. तिथून त्या परस्पर धक्क्यावर आल्या, अंगात अजून इस्पितळाचा कोट. वारा अजिबात नव्हता. चंद्र नव्हता. धक्क्याच्या तोंडाशी एक दिवा, आणि साडूंची बॅटरी. बाकी पाणी नुसतं काळं, आणि ते इतकं भरलेलं की होडी धक्क्याच्या बरोबरीला आली होती.

चाचणी सोपी होती. दोराचं एक टोक धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला बांधायचं, दुसरं विंचवर घ्यायचं, आणि दांडा फिरवायचा. होडी खुंटाकडे सरकली आणि तिथं धरून राहिली की झालं. साडूंनी स्वतः जाऊन खुंटाला गाठ मारली. दोनदा ओढून पाहिली. परत होडीवर आले. बाईंनी तीन वेढे घेतले. वीस वर्षांत हात लावला नव्हता, पण हात विसरले नव्हते, साडू म्हणतात.

"फिरवा," साडू म्हणाले.

बाईंनी दांडा धरला. जोर लावला.

दांडा हलला नाही.

"नवीन आहे, जरा जड जाईल. लावा जोर."

त्यांनी दोन्ही हातांनी लावला. हलेना. साडूंनी हात लावला. हलेना. दोघं मिळून. हलेना. साडूंच्या कपाळावर घाम आला. वर्कशॉपात तर लोण्यासारखा फिरत होता...

आणि मग दोर ताणला गेला.

कुणी ओढला नव्हता. होडी जागची हलली नव्हती. दोर आपोआप वर उचलला गेला, आणि तारेसारखा ताठ झाला.

टक.

ड्रम फिरला. दुसऱ्या दिशेनं.

टक. टक.

दोर आत येत नव्हता. बाहेर जात होता.

साडूंनी बॅटरी खुंटाकडे मारली. खुंट तिथंच होता. मोकळा. त्याच्यावर दोर नव्हता. दोर होडीच्या कडेवरून खाली गेला होता... पाण्यात. सरळ. लांब. बॅटरीचा उजेड संपतो त्याच्याही पुढं.

टक टक टक.

"धरा!" बाई म्हणाल्या.

किंचाळल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या. त्यांनी दोराचं शेपूट दोन्ही हातांत घेतलं होतं, पाय कडेला रोवले होते. साडूंनी बॅटरी टाकली आणि त्यांच्या मागं दोर धरला.

साडू मला म्हणाले, आजवर मी पुष्कळ गोष्टी ओढल्यात. मोटारी ओढल्या, म्हैस ओढली. दोराच्या टोकाला वजन असतं तेव्हा ते मेलेलं वजन असतं. हे तसं नव्हतं. हे धक्के होते. थांबून थांबून. हातावर हात टाकत कुणी दोर धरून येतं ना... तसे.

कुणीतरी यायला बघत होतं.

आणि दोर बाहेर चालला होता.

टक टक टक टक. वेढे ड्रमला घट्ट, ड्रम फिरतोय, आणि धरता येत नाही. पाय घसरतायत. तळहात भाजतायत. साडूंनी अंग मागं टाकलं. बाईंनी टाकलं. एक इंच आत येईना. इंच सोडा. जाणारा दोर थांबेना. बाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आणि दोरातून... साडू म्हणतात, दोरातून हाताला थरथर कळत होती. थंडीनं दात वाजतात तशी.

ओरडावं तर कुणाला? धक्क्यावर चिटपाखरू नाही.

टक टक... टक.

शेवटची हातभर शिल्लक.

"सोडणार नाही," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी नाही सोडणार."

त्यांनी नाही सोडला. साडू साक्षीला आहेत. शेवटचं टोक त्यांच्या मुठीत होतं, गच्च. आणि ते मुठीतून गेलं. मूठ मिटलेलीच होती.

मग... काही नाही.

पाणी तसंच. काळं. एक तरंग नाही.

साडूंनी चाचपडत बॅटरी उचलली. विंचवर दोराचे तीन वेढे. तिथून दोर सैल, झोळ पडलेला, धक्क्यावर गेलेला, खुंटाला बांधलेला. त्यांनीच मारलेली गाठ. कोरडा ठणठणीत. बाईंनी हात उघडले. जुने पांढरे वळ तेवढे होते, बाकी काही नाही. साडूंनी आपले पाहिले. साधा लाल डाग नाही.

साडूंची पाचावर धारण बसली होती. पण माणूस आयुष्यभर यंत्रात बोटं घालून जगलेला, त्याचं डोकं तिथंच जातं. दोर बाहेर जाताना टकटक कशी झाली? टकटक आत येताना व्हायला हवी. बाहेर जाताना तर ड्रम अडकायला हवा... त्यांनी मोबाइल काढला. उघडताना काढलेला फोटो मोठा करून पाहिला. त्यातला जुना कुत्रा पाहिला, त्याचं तोंड कुठं आहे ते पाहिलं. आणि मोबाइल बाईंसमोर धरला.

"बाई," ते म्हणाले, "हे उलटं बसलंय."

"तुम्ही बसवलंत?"

"मी जसं होतं तसं बसवलं."

साडूंना वाटलं, त्यांना कळलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाले, "आधीपासूनच उलटं होतं. त्या दुपारी साफ करून परत लावताना... वारा एकाच बाजूचा असेल, डाव्या विंचला रात्रीपर्यंत हातच लागला नसेल. तुम्ही कितीही धरलं असतं तरी... तो थांबणारच नव्हता. दांडाही फिरला नसता."

"नव्हता फिरला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तेव्हाही दांडा फिरला नव्हता." त्या विंचकडे बघत होत्या. "मला वाटलं, माझ्या अंगात जोर नाही. बाळंतपण होऊन चार महिने झाले होते. मला वाटलं, दुसरी कुणी असती तर फिरवला असता. वीस वर्षं मला हेच वाटत होतं, भाऊ. रोज."

आणि मग त्या रडल्या. साडू शेजारी बसून राहिले. तुमची चूक नव्हती म्हणावं, तर चूक ज्याची होती तो कुठं आहे? आणि त्याला तरी काय बोल लावणार? बायकोबरोबर फिरायला जायचं म्हणून हौसेनं साफ करायला बसला होता तो. साडू म्हणतात, मला आयुष्यात इतकं निरुपयोगी कधीच वाटलं नाही. हत्यारांची पेटी मांडीशी होती, आणि ह्यातलं काहीही दुरुस्त करायला तिच्यात एक पाना नव्हता.

विंच त्याच वेळी उघडायचा, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण बॅटरीच्या उजेडात स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. बाई म्हणाल्या, सकाळी करा. ती सातला निघेल, त्याआधी करा.

साडू साडेपाचला हजर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाई आधीच येऊन धक्क्यावर बसल्या होत्या, कदाचित गेल्याच नव्हत्या. उजाडत होतं. साडूंनी पेटी उघडली, विंचवर वाकले. आधी नेलपॉलिश पाहिलं. चारही स्क्रूंवर रेघ अखंड, जशी ओढली होती तशी. मग त्यांनी स्वतःच ती मोडली. स्क्रू काढले. झाकण उचललं, ड्रम वर ओढून घेतला.

दोन्ही कुत्रे सुलटे होते.

त्यांनी फोटो पाहिला. परत आत पाहिलं. परत फोटो. फोटोतला शाबूत कुत्रा उलटा. समोर दोन्ही सुलटे, दात्यांत बरोबर बसलेले, स्प्रिंगा जागच्या जागी. तुम्ही म्हणाल, साडूंनीच चुकून सुलटे लावले असतील. मीही म्हटलं. त्यावर साडू म्हणाले, मग रात्री दांडा का नाही फिरला? आणि ते असो, पण...

थांब. मेणबत्ती इकडं कर. हं.

पण ते पांढरं ग्रीस. साडूंनी बोटानं सारखं करून, गुळगुळीत भरलं होतं, केकवर असतं तसं. ड्रमच्या खाली, बरोबर त्याच जागी, ग्रीसमध्ये अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ. मधून आडवी चीर.

साडूंनी स्वतःचे दोन्ही अंगठे पाहिले. त्यांच्यावर चीर नाही, पाहिजे तर जाऊन बघा. त्यांनी बाईंना हात केला. बाई होडीवर आल्या, वाकल्या, आणि वाकूनच राहिल्या. साडू म्हणतात, त्यांनी बोट अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही.

इतक्यात धक्क्यावरून मुलगी आली, पाठीला पिशवी, हातात पाण्याची बाटली. "काय गं आई? धरतोय ना विंच?"

"धरतोय," बाई म्हणाल्या.

मग साडूंकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, झाकण लावा. ह्या वेळी पुसू नका."

मुलगी गेली. दिवसभर वारा चांगला होता. संध्याकाळी परत आली, उन्हानं लाल झालेली, म्हणाली, भूक लागलीय. डावा विंच लोण्यासारखा चालला म्हणाली. तो विंच अजून त्याच होडीवर आहे. चार वर्षांत कुणी उघडलेला नाही, आणि साडूंनी त्यावर परत नेलपॉलिशही लावलेलं नाही.

झालं. एवढंच.

...असे माझ्याकडे काय बघताय? दिवे येतील तेव्हा येतील. आता पुसायचं तर पूस. पण आधी मेणबत्ती जवळ धर, आणि तुमच्या त्या ग्रीसमध्ये कुणाचं काही उमटलंय का, तेवढं बघून घे.